काटक कोणाला म्हणावे?

सदर : शब्द आणि शरीर

वृद्ध रुग्णाचे वजन काट्यावर कमी भरले, की सोबत आलेला मुलगा, सून किंवा मुलगी बहुधा एक वाक्य उच्चारते : "ते पहिल्यापासूनच काटक आहेत." वाक्यात प्रेम असते, थोडा अभिमानही असतो. पुष्कळदा ते अगदी खरेही असते. परंतु काही वेळा या एका वाक्याने वजन का घटले याची चौकशी तेथेच थांबते, आणि ज्या विकाराचा माग वेळीच लागला असता तो काही महिने लपून राहतो. म्हणून या पंधरवड्यात औषध किंवा पथ्य यांच्याआधी एका मराठी विशेषणाचा अर्थ नीट समजून घेऊ. वाचकहो, शब्द अचूक वापरला तर घरातल्या घरात अर्धे निदान होऊ शकते, याचे 'काटक' हे चांगले उदाहरण आहे.

शब्दाची दोन अंगे

काटक म्हणजे अंगाने बारीक, पण श्रमाला, उन्हापावसाला आणि उपासतापासाला न डगमगणारा. या अर्थाला दोन अंगे आहेत. पहिले अंग देहाचे : मांस बेताचे, चरबी जवळजवळ नाही. दुसरे अंग सोसण्याचे : काम करीत राहण्याची आणि थकव्यातून लवकर सावरण्याची ताकद. दुसरे अंग नसेल तर केवळ पहिल्याच्या आधारावर कोणालाही काटक म्हणता येत नाही.

हा शब्द आपण माणसांपुरता ठेवलेला नाही. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजली गेली ती याच गुणामुळे. उंची बेताची, पण लांबचा पल्ला आणि तोकडा चारा सोसण्याची तयारी मोठी. तोकड्या पावसातही तग धरते म्हणून बाजरीला आपण काटक पीक म्हणतो. बैल काटक असतो, तट्टू काटक असते. या सर्व ठिकाणी बोलणाऱ्याच्या मनात दिसण्यापेक्षा टिकण्याचा विचार अधिक असतो.

शेजारचे शब्द पाहिले म्हणजे अर्थाची सीमा स्पष्ट होते. 'सडपातळ' आणि 'शिडशिडीत' हे शब्द डोळ्यांना जे बरे दिसते त्याविषयी सांगतात. बळाविषयी ते मौन पाळतात. 'किडकिडीत', 'लुकडा', 'हडकुळा' यांत उणेपणा आहे. 'दणकट' आणि 'धट्टाकट्टा' यांत बळ आहे, पण देहही भरलेला आहे. 'चिवट' शब्दात सोसणे आहे, मात्र तो अंगकाठीविषयी काही सांगत नाही. स्वभाव चिवट असतो, तसा खोकलाही चिवट असतो. 'काटकुळा' हा शब्द कानाला 'काटक'च्या अगदी जवळचा वाटतो, पण त्याचा अर्थ काटकीसारखा बारीक एवढाच. बारीकपणा आणि बळ एकत्र येतात तेथे 'काटक' हा शब्द उभा आहे. इंग्रजीत याच अर्थाचा जो शब्द रूढ आहे, तो धातूच्या तारेवरून आला आहे : बारीक, पण ओढ सोसणारी तार.

याशिवाय शब्दांचा आणखी एक गट आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. रोडावलेला, खंगलेला, वाळलेला, अंगाने उतरलेला. हे सर्व शब्द क्रियापदांपासून झाले आहेत. त्यांत बदल आहे, काळ आहे. पूर्वी एक होते आणि आता दुसरे झाले, ही हकीकत त्यांत आहे. 'काटक' या शब्दात अशी हकीकत नाही. काटक माणूस पंचवीस वर्षांपूर्वीच्या छायाचित्रात जवळपास तसाच दिसतो. म्हणून वृद्धाच्या बारीकपणाविषयी पहिला प्रश्न असा विचारावा : हे असे केव्हापासून आहे?

देह पाहून बळ कळत नाही

केवळ शरीर पाहून बळाचा अंदाज बांधू नये, हा इशारा फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्याला बजावले आहे की, अमुक माणूस पुष्ट म्हणून बलवान आणि तमुक कृश म्हणून दुर्बल, असा निष्कर्ष काढू नये. लहान देहाची कृश माणसेही बलवान आढळतात, असे सांगताना तेथे ओझे वाहणाऱ्या मुंगीचा दाखला दिला आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या तरुणपणचा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असेल. १८७५ साली ते कोकणातील मुरूडहून काही सोबत्यांसह घाट चढून पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेले. अंतर शंभर मैलांहून अधिक होते. परंतु परीक्षा घेणाऱ्या समितीच्या प्रमुखांना हा मुलगा सतरा वर्षांचा वाटला नाही, आणि त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. इतके अंतर नुकतेच तुडवून आलेला देह पाहणाऱ्याला कोवळा वाटला. त्याच देहाने पुढे शंभरी ओलांडली. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अशा देहामागे शरीरशास्त्राचे साधे कारण आहे. स्नायूची ताकद त्याच्या आकारावर अवलंबून असते. तशीच ती मज्जातंतू त्या स्नायूतील किती तंतूंना एकाच वेळी कामाला लावतात यावरही असते. आयुष्यभर चालणे, वाकणे, उचलणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांच्या थोड्या स्नायूंतूनही भरपूर काम होते. शिवाय वाहून न्यायचा स्वतःचा भारही कमी असतो.

मात्र प्रत्येक बारीक माणसाच्या कातडीखाली स्नायूच असतो असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांची तुलना छायाचित्रासह प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळली. भारतीय माणूस बारीक दिसत असतानाही आतून चरबीयुक्त असू शकतो, आणि म्हणूनच बारीक अंगकाठीच्या माणसांनाही आपल्याकडे मधुमेह होतो, हा मुद्दा त्या एका छायाचित्राने जगापुढे ठेवला. वजनाचा काटा स्नायू आणि चरबी यांत भेद करीत नाही. घरातील डोळेही तो करू शकत नाहीत.

काटक, की रोडावलेले?

वाढत्या वयात स्नायू कमी होतात आणि त्यांची ताकद त्याहूनही वेगाने घटते. या अवस्थेला वैद्यकात 'सार्कोपेनिया' म्हणतात. मांस आणि उणीव या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली हे नाव सुचवले. स्नायू घटले की पाय अडखळतो, तोल जातो, पडणे होते. पडल्यावर हाड मोडते आणि अंथरूण धरावे लागते. अंथरूण धरले की उरलेले स्नायूही झपाट्याने जातात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील चरबीविरहित भाग सुमारे एक किलोने घटला होता. ताप, शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयातील मुक्काम यानंतर आजोबा 'उतरलेले' दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

२००१ साली अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वार्धक्यातील दुर्बलतेची पाच लक्षणे मांडली : प्रयत्न न करता वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे असतील, तर ती व्यक्ती दुर्बल अवस्थेत आहे असे मानतात. काटक माणसात यांपैकी एकही लक्षण नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही शब्दांतील अंतर कळते.

घरातील माणसांना रोज पाहणाऱ्यांच्या नजरेला हळूहळू होणारी घट जाणवत नाही. वस्तू मात्र ती सांगतात. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागतात. अंगठीला दोरा गुंडाळावा लागतो. घड्याळाचा पट्टा एक भोक आत जातो. पायजम्याची नाडी अधिक आवळावी लागते, पोलक्याच्या बाह्या ढिल्या पडतात. दाताची कवळी सैल होते. यांतील शेवटची खूण दुहेरी घातक आहे, कारण कवळी सैल झाली की चावता येत नाही, चावता येत नाही म्हणून जेवण मऊभातावर येते, आणि त्याने अंग आणखी उतरते.

सहा ते बारा महिन्यांत, ठरवून प्रयत्न न करता, वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले तर वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. पन्नास किलोच्या व्यक्तीत ही घट अडीच किलोंची असते. दिसायला ती फार नसते. मधुमेह, थायरॉईडचा विकार, क्षयरोग, कर्करोग, गिळण्यातील अडचण, स्मृतिभ्रंश, काही औषधांनी मेलेली भूक, जोडीदाराच्या निधनानंतरचे नैराश्य, एकट्याने जेवावे लागणे, यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. यांतील बहुतेक कारणांवर उपाय आहेत, फक्त ती वेळेवर कळली पाहिजेत.

काटक आजी

या शब्दाचा एक वापर विशेष जपून करावा असा आहे. "आईला काही लागत नाही, ती काटक आहे," असे अनेक घरांत म्हटले जाते. ही आई सर्वांत शेवटी जेवते. तिच्या ताटात उरलेली पोळी आणि भाजीचा रस्सा येतो; डाळ, दूध, अंडे ज्याचे त्याला वाटून झालेले असते. आठवड्यात एकदोन उपास असतात. इतके असूनही ती पहाटे उठते आणि रात्रीपर्यंत राबते, म्हणून ती काटक ठरते. काटकपणा हा तिचा गुण खराच, पण तो तिला कमी वाढण्याचे कारण होऊ नये. तिला काही लागत नाही हे अनेकदा तिला कोणी विचारले नाही, एवढ्यापुरतेच खरे असते. सत्तरीनंतर तीच स्त्री ओट्याचा आधार घेत उभी राहू लागली, तर तिच्या ताटाकडे घरातील इतरांनी लक्ष देण्याची वेळ आली आहे असे समजावे.

वृद्धांच्या बाजूनेही एक सूक्ष्म अडचण असते. ज्यांना जन्मभर काटक म्हणून गौरवले, त्यांना हे विशेषण सोडवत नाही. मग जिन्यावर धाप लागल्याचे ते सांगत नाहीत, काठी नाकारतात, पडल्याचे लपवतात. त्यांचा मान राखून, "तुमचा काटकपणा टिकावा म्हणून मोजून पाहू," असे म्हटले तर बहुतेक ज्येष्ठ आनंदाने तयार होतात.

घरच्या घरी चार मापे

आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेल्या मर्यादांपैकी घरी तपासता येतील अशा दोन आणि त्यांना पूरक अशा दोन चाचण्या पुढे दिल्या आहेत. करताना कोणीतरी शेजारी उभे राहावे.

१. खुर्चीवरून उठणे : हात नसलेली, भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची घ्यावी. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभे राहावे आणि बसावे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर पायांची ताकद कमी झाली असण्याची शक्यता असते.

२. पोटरीचा घेर : शिंप्याच्या टेपने पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर मोजावा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरहून कमी आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी घेर ही सावध होण्याची खूण आहे. पायावर सूज असेल तर हे माप फसवे ठरते.

३. बोटांचे कडे : टेप नसेल तर जपानमध्ये प्रचलित असलेली युक्ती वापरावी. दोन्ही हातांच्या तर्जनी आणि अंगठे जुळवून स्वतःच्या पोटरीभोवती कडे करावे. कडे पोटरीवर सैल बसले, मध्ये फट राहिली, तर स्नायू घटले असण्याचा संभव अधिक.

४. वजनाची नोंद : महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी न्याहारीपूर्वी वजन घेऊन दिनदर्शिकेवर त्या तारखेजवळ लिहून ठेवावे. वर्षभराचे बारा आकडे डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

ही मापे म्हणजे निदान नव्हे. मापे कमी भरली तर डॉक्टरांकडे जाण्याचे कारण मिळाले, एवढाच त्यांचा अर्थ. आणि ज्यांचे वजन भरपूर आहे त्यांनीही पहिली चाचणी करावी, कारण धट्टाकट्टा दिसणाऱ्या देहातही चरबीच्या आड स्नायू घटलेले असू शकतात.

काटकपणा राखता येतो, परतही मिळतो

अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांसाठी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायूही शिकवले ते शिकतो, हे त्यावरून दिसून आले.

घरी वजने आणण्याची गरज नाही. खुर्चीवरून उठण्याची चाचणी हाच व्यायाम म्हणून करता येतो. आरंभी हातांचा आधार घ्यावा. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन कोपर वाकवावे, सरळ करावे. प्रत्येक प्रकार आठ ते दहा वेळा, आठवड्यातून निदान दोन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती देऊन. जागतिक आरोग्य संघटनाही ज्येष्ठांना आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. केवळ सकाळी फिरायला जाणे हृदयाला चांगले. स्नायूंना तेवढे पुरत नाही. छातीत दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आवाक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

व्यायामाला आहाराची जोड हवी. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञांचे मत आहे. पन्नास किलो वजनाला हा हिशेब पन्नास ते साठ ग्रॅम होतो. एक अंडे, एक पेला दूध, मूठभर शेंगदाणे किंवा तीस ग्रॅम कोरड्या डाळीचे वरण, यांपैकी प्रत्येकातून ढोबळमानाने सहा ते सात ग्रॅम प्रथिने मिळतात. चहा-बिस्किटे आणि भाताची पेज यांवर दिवस निघत असेल तर हा हिशेब कधीच पुरा होणार नाही. चावण्याची अडचण असल्यास मुगाचे कढण, पिठले, मऊ धिरडे, दही-मेतकूट-भात, उकडलेले अंडे किंवा काटे काढलेला मासा द्यावा. उपासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, म्हणून त्याबरोबर दाण्याची आमटी, दूध किंवा दही अवश्य घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शब्द वापरताना

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना 'काटक' हा शब्द जरूर वापरा. पण त्यासोबत दोन वाक्ये आणखी सांगा. वर्षापूर्वी वजन किती होते आणि आज किती आहे. वर्षापूर्वी कोणती कामे जमत होती आणि आज कोणती जमत नाहीत. वजन तेच असेल, जिना पूर्वीसारखा चढता येत असेल, भाजीची पिशवी स्वतः आणता येत असेल, तर आपले वडीलधारे खरोखर काटक आहेत. त्यांना मुद्दाम जाड करण्याची काही आवश्यकता नाही. यांपैकी काही बदलले असेल, तर योग्य शब्द 'रोडावले' हा आहे, आणि तो डॉक्टरांसमोर उच्चारण्यात वडिलधाऱ्यांचा कोणताही अवमान नाही.

घरातील ज्येष्ठांचे आजचे वजन घेऊन दिनदर्शिकेवर लिहिणे, एवढे काम हा अंक खाली ठेवताच करता येईल.